पाचव्या शीलाच्या जागी

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

अक्षर वेडंवाकडं येतंय. वयानं नाही, रागानं. हे अक्षर उद्या मलाच लागणार नाही, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

संध्याकाळी विहार गच्च भरला होता. नायगावातल्या आमच्या चाळीतले तर होतेच, कल्याण-विरारला घरं घेतलेलेही पोराबाळांसकट आले होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आमच्याकडे वंदना सांगतो तो आवाज जुन्या भंतेजींचा. मी लग्न होऊन चाळीत आले त्या सुमारास आमच्या ह्यांनी, राजारामनी, तो टेप करून घेतला होता. भंतेजी गेले, हेही गेले, आवाज राहिला. भंतेजी एक ओळ म्हणतात, थांबतात, आणि अख्खा विहार ती मागून म्हणतो. चाळीतल्या तीन पिढ्यांना ती सवय हाडीमाशी भिनलीय. आधी टेप होती, मग सीडी, आणि आता अमितनं, माझ्या मुलानं, ते माझ्या मोबाईलवर 'गुंजन' नावाच्या ॲपात घालून दिलंय. ह्यांच्यामागं मशीन आणि माईक माझ्याकडे आला. मला त्याचा अभिमान आहे. का नसावा?

त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं झालं, खोटं न बोलण्याचं. आता पाचवं, दारू आणि नशेपासून लांब राहण्याचं. सगळे हात जोडून, डोळे मिटून भंतेजींच्या ओळीची वाट बघतायत. आणि माझ्या मोबाईलमधून, विहाराच्या त्या दोन मोठ्या स्पीकरांवर, एक बाप्या ओरडला, "चलो यारो, आज बैठते हैं!"

सोड्याची जाहिरात. हा सोडा कशात ओततात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी बंद करायचं बटण शोधतेय. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या सुंदराबाई, नव्वदीला टेकलेल्या, कानानं कमी, त्यांनी हात जोडून खणखणीत म्हटलं, "चलो यारो, आज बैठते हैं." आणि त्यांच्यामागून सवयीनं अर्ध्या विहारानं म्हटलं.

नंतर पेल्यात बर्फ पडल्याचा आवाज आला. तेवढा कोणी मागून म्हटला नाही.

बंद करायची फुली तिळाएवढी होती. तिच्यावर बोट ठेवलं तर सोड्याचं दुकानच उघडलं. शेवटी मी वायर उपटली. मागून पोरं फिदीफिदी हसत होती. ह्यांच्या फोटोकडे बघायची हिंमत झाली नाही. खीर न खाता घरी आले.

ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही.

१३ मे, मंगळवार

व्हिडिओ निघालाय. रघु सकपाळनं काढला. हा विहार कमिटीचा सेक्रेटरी. ह्याचं नाक मी पुसलंय लहानपणी. दुपारपर्यंत व्हिडिओ दापोलीला पोचला. नणंदेचा फोन, "काय वहिनी, कधी बसायचं?" मी फोन आपटला. म्हणजे मोबाईल आपटता येत नाही हल्ली, नुसता ठेवला.

संध्याकाळी रघु घरी. चपला दारात काढून, आवाज साखरेत घोळून म्हणतो, "काकी, तुम्ही खूप केलंत. आता आराम करा. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास, तीन महिने रोज वाचन, बाहेरचीही माणसं येणार. परत असं झालं तर चाळीचं नाक कापलं जाईल. माईक मी बघतो."

"चूक माझी नाही रे, ॲपची आहे," मी म्हटलं.

"काकी, ॲप काय माणूस आहे का चूक करायला?"

माईक नेला. वायरसुद्धा गुंडाळून नेली.

राजारामनी वर्गणीसाठी दारोदार फिरून आणलेला माईक. आषाढी पौर्णिमेला तो माझ्या हातात परत असला पाहिजे. नसला तर मी विहाराची पायरी चढणार नाही.

१४ मे, बुधवार

आज चष्मा पुसून ते गुंजन नीट बघितलं. शत्रूची ओळख हवी.

अमितनं घालून दिलं तेव्हा त्यात काय होतं? गाण्यांची नावं, आणि खाली वाजव, थांबव. बस. गेल्या महिन्यात 'नवीन रूप' आलं म्हणे. आता उघडलं की आधी एक मुलगी नाचते. ती सरकवली की आजचं राशिभविष्य. मी बौद्ध बाई, मला म्हणतंय, "तुमचा शनी काय म्हणतोय बघा." त्याच्याखाली फुगे फोडायचा खेळ. मग 'तुमचे मित्र आत्ता काय ऐकतायत'. माझे मित्र आत्ता भाजी निवडतायत! माझी वंदना कुठे आहे? तर कोपऱ्यात तीन टिंबं, त्यात 'अधिक', त्यात 'लायब्ररी', त्यात 'इतर'. भंतेजींना गुंजनवाल्यांनी 'इतर'मध्ये बसवलंय.

मी उभी हयात महापालिकेच्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. बोर्डावर शंभर भोकं होती, पण एका भोकाला एकच माणूस. ऑपरेशन थिएटर मागितलं आणि कँटीन लागलं असं कधी झालं नाही. झालं असतं तर माणूस मेला असता. या ॲपवाल्यांकडे कोणी मरत नाही म्हणून माज आलाय.

आणि फाईल माझी. गुंजनवाल्यांचं गाणं असतं तर एक वेळ समजू शकले असते. माझ्या घरातलं, माझ्या नवऱ्यानं टेप केलेलं, त्यात हे जाहिरात घुसवणार? आमच्या ताटात यांचं खरकटं!

अमित म्हणतो, "आई, काढून टाक ना ते. दुसरं ॲप घालून देतो, दोन मिनिटांचं काम."

"चोर घरात शिरला तर आपण घर बदलायचं काय रे?"

तो हसला आणि अंघोळीला गेला.

मग मी अभिप्राय लिहिला. खाली नाव घातलं, कौसल्या राजाराम गमरे, नायगाव, आणि मोबाईल नंबरही. घडलं ते सगळं, जसंच्या तसं, बर्फासकट. पाच तारे द्यायची सोय आहे, मी एक दिला. शून्य द्यायची सोय ठेवलेली नाही, चोरांनी.

१७ मे, शनिवार

उत्तर आलं. "प्रिय कौसल्याजी, आपल्या भावना आम्ही समजतो. आपला अनुभव अधिक आनंददायी करण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. आपली, उर्वी, टीम गुंजन."

बरं वाटलं. मग खाली बघितलं तर कोणा गृहस्थाचं गाणं अडकत होतं, त्यालाही हेच उत्तर. एका बाईंचा पासवर्ड हरवलेला, तिलाही हेच. एका पठ्ठ्यानं 'झकास' लिहिलंय, त्याच्याही भावना हिनं समजून घेतल्यात.

उर्वी. नाव लक्षात ठेवलंय.

२० मे, मंगळवार

उर्वीचा फोन आला! खुद्द. "काकू, मी तुमचा अभिप्राय वाचला. ते छापील उत्तर आपोआप जातं, सॉरी. मला तुमच्याकडून नीट ऐकायचंय."

आवाज कोवळा. पंचविशीची असेल. मी पण सोडलं नाही. मुलगी, शनी, फुगे, इतर, सगळं ऐकवलं. ती मधे बोलली नाही. नुसतं "हो काकू", "बरोबर आहे काकू". टाइप केल्याचा टकटक आवाज येत होता. मग मी सुंदराबाईंचं सांगितलं, आणि ती हसली.

हसली! फिस्सकन. लगेच म्हणाली, "सॉरी, सॉरी काकू. तसं नाही. माझी आजी डोळ्यांसमोर आली, तीही अस्संच म्हणाली असती. मी सगळं लिहून घेतलंय, वर देते."

"वर म्हणजे कुठे?"

"सहाव्या मजल्यावर," म्हणाली. प्रभादेवीला ऑफिस आहे त्यांचं. म्हणजे इथून हाकेवर बसून हे उद्योग चाललेत.

माझा नंबर तिच्याकडे ठेवते म्हणाली. ठेव बाई. पण तू हसलीस. विहारातल्या त्या पोरांसारखीच हसलीस. अख्खी चाळ हसली ती कमी होती, म्हणून आता ज्यांनी केलं तेही हसणार?

२१ मे, बुधवार

प्रितीला, माझ्या सुनेला, सांगितलं. ती लग्नाआधी कॉल सेंटरात होती. म्हणते, "अहो आई, ती फोनवर बसणारी मुलगी. ॲप ती थोडीच बनवते? करतात वरचे, शिव्या खाते ती. मी तेच केलंय ना तीन वर्षं. स्वतःहून फोन करणारी तर लाखात एक असते."

"गल्ल्यावर जो बसतो त्यालाच गिऱ्हाईक जाब विचारतं."

"पण आई, गल्ल्यावरचा मालक नसतो ना."

आमच्या प्रितीला जगाचा कळवळा. मला वरचे कोण, खालचे कोण, कसं कळणार? त्यांनी मला एकच नाव दिलंय, मी तेच धरणार.

२६ मे, सोमवार

एकटीच्या एका ताऱ्यानं काय होतंय? समुद्रात खसखस. फौज हवी.

नाक्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं शिकवलं, एका फोनवर वेगवेगळ्या नावांची खाती उघडता येतात. सोप्पं आहे. नाव विचारतात, जन्मतारीख विचारतात, खरी की खोटी कोणी विचारत नाही.

सकाळी घरची वंदना उरकली आणि बसले. दुपारपर्यंत पाच माणसं जन्माला घातली. निवृत्त हेडमास्तर चिंतामणी, माटुंगा. ते शुद्धलेखनाला फार जपतात आणि ॲपला 'उच्छाद' म्हणतात. डॉक्टर कादंबरी, दादर. त्यांना वेळ नसतो, दोनच ओळी लिहितात. कॉलेजातला गंधार. तो 'बकवास' म्हणतो. गिरगावातल्या बेबीताई. आणि लालबागच्या बकुळाबाई, एकट्या राहणाऱ्या, गाण्यांवर जीव असलेल्या. पाचही जणांनी एकेक तारा दिला.

महिला मंडळातल्या बायकांना सांगितलं, ह्या पाच जणांच्या अभिप्रायाखाली अंगठा द्या. त्यांनी दिला. का ते कोणी विचारलं नाही. आमच्यात एकीनं सांगितलं की सगळ्या करतात.

हे काही खोटं नाही. नाटकात पात्रं असतात तशी ही. तक्रार तर खरी आहे ना!

५ जून, गुरुवार

फौज सोळावर गेली. गुंजन मोबाईलवर घ्यायच्या आधी जे अभिप्राय दिसतात त्यांत आता वरचे सगळे आमचे. जेवण गोड लागायला लागलंय. अमित म्हणतो, "आई, हल्ली खुशीत दिसतेस, काय चाललंय मोबाईलमध्ये?" म्हटलं, "लेखन."

पण सहाव्या मजल्यावर ढिम्म. परवा आणखी एक नवीन रूप आलं, फुग्यांच्या खेळात आता मांजरपण आहे. खाली प्रत्येकाला उर्वीचं तेच ते उत्तर. "प्रिय बकुळाजी, आपल्या भावना आम्ही समजतो."

समजतेस? थांब.

बकुळाबाईंकडून लिहून घेतलं. "मी लालबागची बकुळा, वय एकाहत्तर. मला गुंजनमधून उर्वी नावाच्या मुलीचा फोन आला होता. मी माझी अडचण सांगत होते तर ती हसली आणि म्हणाली, म्हातारे, तुला झेपत नाही तर मोबाईल ठेव आणि भिंतीकडे बघत बस. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही."

शेवटचं वाक्य वाचून मलाच बकुळाबाईंची दया आली. मग हेडमास्तरांनी पुस्ती जोडली, त्यांनाही हाच अनुभव. डॉक्टर कादंबरींच्या आईलाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना उर्वीचा फोन येऊन गेलेला होता.

हसली हे तर खरंच आहे. पुढचं थोडं तिखट-मीठ. आमटीला फोडणी लागतेच.

११ जून, बुधवार. ज्येष्ठ पौर्णिमा

आज मन भरून हसले. मनातल्या मनात, विहारात बसून.

रघुनं भंतेजींची फाईल घालून तेच गुंजन घेतलं, पण पैसे भरून. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकी, पैसे भरले की जाहिरात येत नाही. जमाना ओळखावा लागतो." शिवाय घरून मोठा टीव्ही आणून त्याला मोबाईल जोडला. पडद्यावर भंतेजींच्या जागी फिरणारी तबकडी.

त्रिशरण सुरू झालं. दुसऱ्या शीलाला आवाज बंद. सगळे हात जोडून थांबलेले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत पाटी, "तुम्ही अजून ऐकत आहात का?" आणि खाली नाचणारं मांजर.

रघु बटण शोधतोय. डावीकडे दाबलं तर फुगे. उजवीकडे दाबलं तर शनी. घाम आला त्याला. मी अजिबात उठले नाही. कशाला उठू?

सुंदराबाईंना कोणी तरी पाटी वाचून दाखवली. त्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "ऐकतोय रे बाबा केव्हाचे, तूच बोलायचा थांबलायस." मग माझ्याकडे वळल्या. "कौसल्ये, तुला येतं ना सगळं? मग तू म्हण की गं. तोंड आहे ना तुला."

येतं तर सगळं. कोणाला येत नाही? पण राजाराम म्हणायचे, भंतेजींचा आवाज तो भंतेजींचा. मी नाही म्हणून मान हलवली. रघुची फजिती अर्धवट सोडवायची नव्हती मला.

१४ जून, शनिवार

रघु आला. माईक घेऊन. वायर गुंडाळलेली, जशी नेली होती तशी.

"काकी, कमिटीत ठरलं. आषाढी पौर्णिमेला मशीन नको. तुम्ही म्हणायचं, आम्ही मागून म्हणू. ऑपरेटर होतात, आवाज कमावलेला आहे तुमचा."

मी त्याला जरा ताटकळत ठेवलं. चहा दिला, पण साखर कमी. मग म्हटलं, "बघते."

तो जिना उतरल्यावर माईक ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. एक जण झाला. दुसरी उरलीय.

२४ जून, मंगळवार

उर्वीचं नाव गेलं! उत्तरांखाली आता नुसतं 'टीम गुंजन'. आणि बकुळाबाईंना आज वेगळं उत्तर. "आमच्या सहकाऱ्याच्या वर्तनाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. योग्य ती कारवाई करण्यात आली आहे."

कारवाई! वा रे वा. लालबागला जाऊन चिवडा आणला, तिखट. प्रितीनं विचारलं, "कशाबद्दल हो आई?" म्हटलं, "सहज."

फौजेतल्या सगळ्यांना कळवावंसं वाटलं. मग लक्षात आलं, कळवायला कोणी नाहीच.

संध्याकाळी वंदना लावून बघितली, आता तरी सुधारलं असेल. चौथ्या शीलानंतर बाप्या ओरडला, "चलो यारो, आज बैठते हैं!" अगदी तस्संच. मग कारवाई कशावर केली ह्यांनी?

२ जुलै, बुधवार

रोज सकाळी गॅलरीत उभी राहून सराव करते. आवाज अजून चांगला लागतो. फक्त चौथ्या शीलाला घसा बसतो. कफ असेल. पावसाळी हवा आहे. ज्येष्ठमध चघळते आहे.

सुंदराबाई जिन्यात भेटल्या. "पौर्णिमेची वाट बघतेय गं. त्या मशीनचं मला अर्धंमुर्धंच ऐकू येतं, बाकीचं दुसऱ्यांचे ओठ बघून म्हणते मी. तू माझ्यासमोर उभी राहा. तू म्हणशील ते मी म्हणीन."

९ जुलै, बुधवार

हे लिहू की नको असं दुपारपासून चाललंय.

अनोळखी नंबरावरून फोन आला. "काकू, मी उर्वी. गुंजनमधली. म्हणजे आता मी तिथे नाहीये, पण तुमचं काम माझ्याकडून अर्धं राहिलं होतं म्हणून फोन केला."

मी खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही सांगितलेलं मी सगळं लिहून वर दिलं होतं. शनीसकट. त्यांनी मीटिंगमध्ये वाचलं, काकू. लोकांच्या स्वतःच्या फाईलींत जाहिरात घालू नका, म्हणून मी दोन-तीनदा भांडले पण. करू म्हणाले होते. आता मी नाही, तर कोण मागे लागणार माहीत नाही. तुम्ही सोडू नका. तुमचा अभिप्राय खराय, तो काढू नका."

"तू का सोडलीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती म्हणाली, "सोडली नाही. माझ्याबद्दल फार तक्रारी आल्या. मी एका आजींना फोनवर काहीतरी बोलले म्हणे. फार वाईट. काकू, मी रोज आठवून बघते. बकुळा नावाच्या कोणाशी बोलल्याचं मला आठवतच नाही. पण इतक्या सगळ्यांनी लिहिलंय, म्हणजे मी कधीतरी बोलले असणार ना? थकलेली असेन. त्या आजी जेवत नाहीत म्हणे. मला त्यांची माफी मागायची होती, तर कंपनी नंबर देत नाही."

मी "बरं," म्हटलं. "बरं बरं." आणि ठेवला.

काढलं कंपनीनं. मी नाही काढलं. मी फक्त लिहिलं. लिहिलं म्हणून कोणाला काढायचं असतं का, चौकशी नको? चूक त्यांचीच आहे. सगळी त्यांचीच.

बकुळाबाईंसाठी ती जेवत नसेल आता.

प्रितीनं जेवायला हाक मारली. भूक नाही म्हणून सांगितलं.

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा

जसं झालं तसं लिहिते.

विहार भरलेला. बाहेरचीही माणसं होती. राजारामांचा माईक माझ्या हातात, पुढ्यात हात जोडून सुंदराबाई, डोळे उघडे, माझ्या ओठांकडे लावलेले. रघु कोपऱ्यात मोबाईल धरून व्हिडिओ काढत होता. कमिटीच्या रेकॉर्डसाठी म्हणे.

मी म्हणत गेले, ते म्हणत गेले. काय भरून आलं म्हणून सांगू! माझ्या एका आवाजावर तीनशे आवाज. पहिलं शील. दुसरं. तिसरं.

मग चौथं. "मुसावादा" म्हटलं, म्हणजे खोटं बोलण्यापासून. "मुसावादा," विहार म्हणाला. पुढचा शब्द येईना. कफ नव्हता तो. घसा साफ होता. पुढचा शब्द म्हणजे, मी यापासून लांब राहीन. तो माझ्या तोंडून निघाला की सुंदराबाई तो माझ्या ओठांवरून उचलणार होत्या.

सगळे थांबलेले. कोणी खोकलं. रघुनं मान वर केली. मला वाटलं, आता माईक ठेवावा आणि खाली उतरावं. घसा धरला म्हणून सांगता आलं असतं. सांगायची सवय तर चांगली लागली होती.

मी म्हटलं, "मी खोटं बोलले."

सुंदराबाईंनी हात जोडून खणखणीत म्हटलं, "मी खोटं बोलले."

आणि अख्खा विहार मागून म्हणाला, "मी खोटं बोलले."

माईक गच्च धरला. म्हटलं, आता अर्ध्यावर नाही. "उर्वी नावाच्या मुलीबद्दल."

"उर्वी नावाच्या मुलीबद्दल." आता निम्मेच म्हणाले. बाकीचे डोळे उघडून बघायला लागले होते.

"ती कोणाला वाईट बोलली नाही. बकुळाबाई कोणी नाहीत. त्या मी आहे."

हे एकट्या सुंदराबाईंनी म्हटलं, शेवटपर्यंत. प्रिती मागच्या रांगेत होती. तिनं तोंडावर हात ठेवला.

रघु मोबाईल खाली करत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी लाज राखावीशी वाटली असेल. मी माईकवरच म्हटलं, "रघु, ठेवू नकोस. काढ. त्या दिवशी काढलास ना, तसा आजचा पण काढ आणि मला पाठव. मला तो प्रभादेवीला न्यायचाय."

मग चौथं शील पुन्हा पहिल्यापासून घेतलं, सबंध. मग पाचवं. पाचव्याच्या जागी पाचवंच आलं.

वाचन झाल्यावर माणसं गटागटानं कुजबुजत होती. माईक उद्यापासून कोणाकडे ते रघुनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मीच वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली. सुंदराबाई तेवढ्या म्हणाल्या, "आज सगळं स्पष्ट ऐकू आलं बघ."

घरी येऊन उर्वीला फोन केला. बकुळाबाई म्हणून नाही, कौसल्या म्हणून. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी बोलले नव्हते?" 

"नाही बाळा. तू काहीच बोलली नव्हतीस."

ती रडायला लागली. मग चिडली. चांगली चिडली, तोंडात येईल ते बोलली मला. मी मधे बोलले नाही. "हो", "बरोबर आहे", एवढंच म्हणत राहिले. शेवटी तिनं फोन ठेवला. उद्या माझ्यासोबत येशील का, हे विचारायचं राहिलं. आली नाही तर मी एकटी जाईन, सहाव्या मजल्यावर, व्हिडिओ घेऊन. तिचं निर्दोष असणं आधी सांगेन, आणि मग त्यांच्या फुग्यांचं, मांजराचं, शनीचं आणि भंतेजींना 'इतर'मध्ये कोंबल्याचं काय करायचं ते एकेकाला समोर बसवून विचारीन. हे माझं वैर अजून मिटलेलं नाही. फक्त पत्ता चुकला होता.

झोपायच्या आधी फौज मोडली. हेडमास्तर, डॉक्टर, गंधार, बेबीताई, सगळे पुसले. बकुळाबाईंना पुसताना मोबाईलनं विचारलं, खात्री आहे का? हो, म्हटलं.

कौसल्या राजाराम गमरे, नायगाव, हिचा एक तारा मात्र ठेवलाय. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.